कांटपासून सुरुवात करावी की हेगेलपासून?

ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं या विचारात, थोडं खोल शिरलं की जर्मन चिद्वादाला, म्हणजे जगाच्या ज्ञानात मनाचा वाटा मूलभूत मानणाऱ्या कांट ते हेगेल या परंपरेला, वळसा घालून पुढे जाता येत नाही. मग आधी कांट वाचायचा की थेट हेगेल, असा प्रश्न उभा राहतो. सोपा कोण हे पाहून निवड करू नका, सोपा कोणीच नाही. आपल्या मनात कोणता प्रश्न घोळतो आहे ते पाहा. गणित आणि भौतिकशास्त्र यांची मुळातली गृहीतं कुठून येतात आणि विज्ञान बदललं की त्यांचं काय होतं, हा प्रश्न असेल तर कांट. ‘मला दिसतंय ना, मग झालं’ एवढ्यावर एखादं म्हणणं सिद्ध होतं का, आणि आपण एकमेकांकडे कारणं मागतो त्याचा ज्ञानाशी काय संबंध, हा असेल तर हेगेल.

कांटची ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ 1781 साली निघाली. 1787च्या दुसऱ्या आवृत्तीत तिचा गाभा, म्हणजे मूलसंकल्पनांच्या (अनुभवाला आकार देणाऱ्या, कार्यकारणासारख्या संकल्पनांच्या) समर्थनाचं प्रकरण, त्याने नव्याने लिहिला. या प्रकरणाचं ‘डिडक्शन’ हे नाव पाहून वाचक तर्कशास्त्रातलं निगमन शोधू लागतात आणि तिथेच वाट चुकतात. शब्द कोर्टकचेरीतला आहे. जमिनीची वहिवाट कोणाची हा एक प्रश्न, हक्क कोणाचा हा दुसरा. कार्यकारणाची संकल्पना आपण वापरतो, ही झाली वहिवाट. कांटच्या आधीचा अनुभववादी तत्त्वज्ञ ह्यूम याने ती मान्य केली आणि तिचं मूळ सवयीत दाखवलं. कांटला हक्क सिद्ध करायचा आहे.

तो कसा करतो, हे पाहायला घर आणि नदीतली नाव (होडी) यांचं उदाहरण पुरेसं आहे. घरासमोर उभं राहून आधी छप्पर पाहा आणि मग पाया, किंवा उलट, क्रम तुमच्या मर्जीचा. प्रवाहाबरोबर जाणारी नाव मात्र आधी वरच्या अंगाला दिसते, मग खालच्या, आणि हा क्रम उलटवता येत नाही. दोन्हीकडे संवेदनं एकापाठोपाठच येतात. तरीही घर जागच्या जागी आहे आणि नाव सरकते आहे, हा भेद आपण करतोच. कांटच्या मते तो करायला क्रम बांधून देणारा नियम, म्हणजे कार्यकारण, आधीच लागू असावा लागतो. तो अनुभवातून शिकता येणार नाही, कारण त्याच्याविना ‘घटना’ अनुभवालाच येत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्ट्रॉसनने 1966 साली नेमकं इथे बोट ठेवलं. नाव आधी वर असेल तर ती आधी वर दिसणं अटळ आहे, पण तेवढ्यावरून तिचं खाली येणंच अटळ होतं असं निघत नाही. हा आक्षेप समोर ठेवून ती पानं वाचा. वाद अजून चालू आहे.

ग्रंथ सलग वाचायला बसू नका. चांगल्या अनुवादांत समासात मूळ पानांचे ‘ए’ (पहिली आवृत्ती) आणि ‘बी’ (दुसरी आवृत्ती) आकडे असतात. बी 1 ते 30, 33 ते 73, 129 ते 169, 232 ते 256 आणि 274 ते 279, एवढं ज्ञानमीमांसेसाठी पुरतं, म्हणजे दीडशेच्या आत पानं. त्याआधी कांटचंच 1783चं छोटं पुस्तक ‘प्रोलेगोमेना’ वाचलं तर नकाशा हाती येतो, पण फक्त त्यावर थांबू नका. तिथे कांट गणित आणि निसर्गविज्ञान शाबूत आहेत असं धरून त्यांच्या अटींकडे मागे जातो. त्यामुळे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं, असा समज होतो. आणखी एक खड्डा म्हणजे अनुवादातला ‘इन्ट्युइशन’ हा शब्द. ती अंतःप्रेरणा नव्हे. वस्तूशी थेट नातं जोडणारं ते ज्ञान आहे, आपल्याकडच्या ‘प्रत्यक्षा’च्या बरंच जवळचं.

या वाटेने पुढे गेलात की विज्ञानाचा तत्त्वज्ञ राइशेनबाख भेटतो. अवकाश युक्लिडच्या भूमितीचाच असणार, हे कांटचं म्हणणं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेपुढे टिकेना. तेव्हा 1920 साली राइशेनबाखने कांटच्या ‘अनुभवपूर्व’ (अनुभवातून न आलेलं) या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले: कधीही न बदलणारं, आणि ज्ञानाचा विषय घडवणारं. पहिला सोडायचा, दुसरा ठेवायचा. ही वाटणी मला कांटच्या वारशातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुढच्या तत्त्वज्ञांपैकी सी. आय. लुइसची 1929ची मांडणी, कूनचे बदलते दृष्टिनमुने (विज्ञानाच्या चौकटी) आणि मायकल फ्रीडमनचं 2001चं पुस्तक तिच्याच आसपास फिरतात.

कांट आणि हेगेल यांच्यामधल्या फिश्टे आणि शेलिंग यांना पहिल्या फेरीत बगल दिली तरी चालेल. कांटचा समकालीन टीकाकार याकोबी याची 1787ची अडचण तेवढी लक्षात ठेवा: ‘वस्तू-स्वतः’ (आपल्या जाणण्यापलीकडे वस्तू मुळात जशी आहे ती) मानल्याशिवाय कांटच्या दर्शनात शिरता येत नाही आणि मानून तिथे राहता येत नाही.

हेगेलचं ‘फेनोमेनॉलॉजी’ हे पुस्तक 1807चं. जाणिवेचे टप्पे त्यात एकेक करून तपासले आहेत. तिथला पहिलाच प्रयोग घरी करून पाहण्याजोगा आहे. रात्री कागदावर लिहा, ‘आता रात्र आहे.’ लिहून ठेवल्याने सत्य बिघडायला नको. दुपारी तोच कागद वाचा. वाक्य शिळं झालेलं असतं, पण ‘आता’ हा शब्द तसाच आहे आणि दुपारलाही लागू पडतो. अगदी थेट, कोणत्याही संकल्पनेवाचून हाती आलेलं वाटत होतं, ते मुळात सामान्य, म्हणजे कोणत्याही क्षणाला लागू पडणारं, निघालं.

याच धाग्यावर अमेरिकी तत्त्वज्ञ सेलर्सने 1956 साली एका निबंधात ‘आयत्या मिळालेल्या’ ज्ञानाच्या कल्पनेला मिथक ठरवलं. त्याचं उदाहरण टायच्या दुकानातलं आहे. आपल्याला साडीचं जास्त जवळचं. दुकानातल्या दिव्याखाली साडी निळी दिसते, म्हणून आपण ती दाराशी उजेडात नेतो. ‘ही हिरवी आहे’ असं म्हणता यायला कोणत्या उजेडातला रंग खरा धरायचा हे आधी ठाऊक असावं लागतं. नुसतं दिसणं पुरावा होत नाही. त्याच्यानंतरच्या मॅकडॉवेल आणि ब्रँडम या तत्त्वज्ञांनी 1994 साली हीच वाट दोन दिशांना नेली.

हेगेल वाचताना चूक होते ती घाईने. परिच्छेदाच्या सुरुवातीचं म्हणणं बहुधा त्या टप्प्यावरच्या जाणिवेचं असतं, ते हेगेलचं मत म्हणून टिपून ठेवलं की सगळंच उलटं होतं. हेगेलच्या ‘आउफहेबेन’ या जर्मन क्रियापदातही उचलणं, राखणं आणि रद्द करणं असे तिन्ही अर्थ आहेत. मराठीत ‘उचलून ठेवणे’ म्हटलं तर दोन सापडतात, तिसरा निसटतो.

मराठी वाचकाला एक तिसरी वाटही जवळची आहे. अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे काही काळ संचालक असलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य कांटशी थेट भिडले. आत्म्याचा विचार करावा लागतो पण तो ज्ञात होत नाही, असं कांट म्हणतो. भट्टाचार्यांनी ते उलटवलं: आत्मा विचाराचा विषय होत नाही, तरीही विचारावाचून तो जाणण्याची शक्यता मान्य करावी लागते. वेदान्त येणाऱ्याने कांटनंतर इकडेच वळावं.

वेळ दोन-तीन महिने असेल तर माझा कौल कांटला. तीन आठवडेच असतील तर कांटच्या बी 129 ते 169 या पानांवर पहिला आठवडा घालवा, मग हेगेल घ्या. ‘फेनोमेनॉलॉजी’च्या मिलरने केलेल्या 1977च्या इंग्रजी अनुवादात परिच्छेदांना क्रमांक आहेत: 73 ते 89 प्रस्तावना, 90 ते 110 इंद्रियनिश्चिती, म्हणजे वरच्या ‘आता’च्या प्रयोगाचं प्रकरण. हे अडतीस परिच्छेद आणि त्यांच्या शेजारी सेलर्सचा निबंध. ओढ लागली तर मधलं सोडून 178 ते 196 हे धनी आणि दास यांचं प्रकरण वाचा. एकाने दुसऱ्याला मान्यता देणं ज्ञानाच्या चर्चेत कसं शिरतं, हे तिथे दिसतं.