‘तुमचं नाव काढतो’ म्हणणारा शेजारच्याच टेबलावर बसत होता

ज्या कुटुंबाच्या ऑफिसात मी हिशेब लिहीत होते, त्या घरात खून झाला. तपासात माझ्यावर संशय कधीच नव्हता. तरीही आरोपींच्या यादीतून तुमचं नाव काढून देतो, असं सांगून माझाच सहकारी माझ्याकडून पैसे घेत राहिला. खुनाचा खटला अजून कोर्टात आहे, म्हणून तो कुणी केला, कशासाठी केला यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. लिहितेय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल. मोठ्या घरात असं काही घडलं की तिथे नोकरी करणारी माणसं किती सहज लुटली जातात, हे मी आतून पाहिलंय.

त्याला मी भाऊ म्हणायचे, तो मला ताई. नाव लिहीत नाही. ऑफिसची बाहेरची कामं त्याच्याकडे असायची. रजिस्ट्री, तहसील, कोर्टाच्या तारखा, वकिलांकडे कागद पोचवणं, सगळं तोच बघायचा. हिशेब माझ्याकडे. वर्षानुवर्षं टेबलाला टेबल लावून बसलो. माझ्या आईच्या आजारपणात त्याने माझी रिटर्नची कामं रात्री बसून उरकली होती आणि कुणाला कळूही दिलं नव्हतं. त्याच्या मुलीच्या ॲडमिशनचे कागद मी तयार केले होते. हे सांगते, कारण तो कुणी अनोळखी दलाल असता तर मी दारातूनच परत पाठवला असता.

मालक फार्महाऊसवर मृतावस्थेत सापडले, तेव्हा आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि प्रकरण खुनाचं झालं. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ आहे, पण ऑफिसात सगळे जुन्या सवयीने ‘तीनशे दोन लागलं’ असंच कुजबुजत होते. घरातल्याच एकाला अटक झाली आणि ऑफिसची दोन गटांत फाळणी झाली. कोण कुणाचा माणूस, यावर चहाला कोण कुणाबरोबर जाणार हे ठरू लागलं. पोलिसांनी पंचनामा करून हिशेबाच्या वह्या आणि माझा कॉम्प्युटर नेला.

त्या वह्यांमध्ये एक व्हाउचर होतं. घटनेच्या थोडे दिवस आधी मालकांच्या सांगण्यावरून मी मोठी रोख रक्कम काढली होती. ती घरातल्या एका व्यक्तीच्या नावे टाकली होती, खाली माझी सही. हे भाऊला माहीत होतं, कारण बँकेत माझ्याबरोबर तोच आला होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, सुपारीचे पैसे तुमच्या हातून गेले असं वर चाललंय. त्यांच्या डायरीत तुमचं नाव आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.” मोबाईलवर त्याने मला हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो दाखवला. यादीत चौथं नाव माझं होतं. तो कागद केस डायरीतला, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या रोजच्या नोंदवहीतला होता की त्यानेच कुणाकडून लिहून घेतला होता, हे ओळखायची माझ्याकडे काहीच सोय नव्हती. ती डायरी तर आरोपीलाही मागून मिळत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पहिले पैसे त्याने कशाचे घेतले, ते नीट वाचा. म्हणाला, “तुम्हाला चौकशीला ठाण्यात बोलावणार आहेत. दिवसभर बसवून ठेवतात, बाहेर कॅमेरेवाले असतात. साहेबांशी बोलून मी त्यांना तुमच्या घरीच पाठवतो. थोडा खर्च येईल.” मी पाटल्या मोडल्या. पुढच्याच आठवड्यात खरोखर पोलीस घरी आले. साध्या कपड्यांतले अधिकारी आणि सोबत एक महिला पोलीस. नीट बोलले, व्हाउचरबद्दल विचारलं, मालकांनी काय सांगितलं होतं ते लिहून घेतलं आणि गेले. मी भाऊला फोन करून रडत रडत त्याचे आभार मानले.

आता कायदा काय आहे ते सांगते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपास अधिकारी साक्षीदाराला लेखी आदेश देऊन बोलावू शकतो. पण स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठ वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. स्वतःहून ठाण्यात यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मी स्त्री आहे, म्हणून पोलीस घरी आले. भाऊने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कोर्टात वर्षानुवर्षं फिरून त्याला हे कलम पाठ होतं. जे आपोआप होणारच होतं, तेच त्याने मला विकलं. आणि ते सांगितल्याप्रमाणे झाल्यामुळे त्याच्या शब्दावरचा माझा विश्वास पक्का झाला.

पुढचा प्रत्येक हप्ता याच पद्धतीने गेला. “जबाबावर तुमची सही घेणार नाहीत, तेवढं मी बघतो, म्हणजे पुढे काही अंगाशी येणार नाही.” खरंच माझी सही घेतली नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते, हे कलम १८१ मध्ये स्वच्छ लिहिलंय. सही होते ती मॅजिस्ट्रेटसमोर कलम १८३ खाली जबाब झाला तर. मग म्हणाला, “तीन महिन्यांच्या आत कागद कोर्टात जातील, त्याआधी शेवटचं द्यावं लागेल.” ठरल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल झालं आणि माझं नाव साक्षीदारांत होतं. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असताना ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून तपास अधिकारी ती मुदत सहसा चुकू देत नाहीत. मला मात्र वाटलं, भाऊने मला वाचवलं.

शेवटचं म्हणून दिलेलं शेवटचं ठरलं नाही. दोषारोपपत्रानंतरही पुढचा तपास चालू राहू शकतो, पुरवणी दोषारोपपत्र येऊ शकतं. कायद्यातली ही खरी तरतूद त्याने माझ्या डोक्यावर टांगून ठेवली. “पुरवणीत नाव घालायचं चाललंय, ताई.”

या सगळ्यात त्याने एक गोष्ट फार जपून केली होती. पहिल्या दिवसापासून मला बजावलं होतं, “ऑफिसात कुणाशी बोलू नका. सगळ्यांचे फोन ऐकतायत. तो ड्रायव्हर त्यांचा माणूस आहे, शिपायाचा तर भरवसाच नाही.” ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खाल्ला त्यांच्याकडे मी संशयाने बघू लागले. तेही माझ्याकडे तसंच बघत होते, आणि मला वाटायचं की भाऊ म्हणतो ते खरंच आहे. मला पैशांइतकाच राग याचा आहे. तपासामुळे आधीच सगळे धास्तावलेले होते. त्या धास्तीत त्याने आम्हाला एकमेकांपासून तोडलं, कारण आम्ही एकमेकांशी बोललो असतो तर त्याचं दुकान त्याच दिवशी बंद झालं असतं.

आणि झालंही तसंच. ऑफिस बंद करायचं ठरलं, राहिलेला पगार घ्यायला सगळे एकाच दिवशी आलो. बाहेर ओट्यावर ड्रायव्हरकाका बसले होते. वयाने सत्तरीकडे झुकलेले. सहज म्हणाले, “तुम्ही स्त्री म्हणून तरी तुम्हाला सोडलं असेल, मला तर घरी चौकशी व्हावी म्हणून केवढे मोजावे लागले.” मी चमकले. कुणाला मोजले, विचारलं. त्यांनी भाऊचं नाव घेतलं. तेवढ्यात शिपाई पुढे आला. तिशीतला मुलगा. त्यानेही तेच काम म्हणून पैसे दिले होते, आणि तरी त्याला ठाण्यात बोलावलं होतं. भाऊने त्याला सांगितलं होतं, तुझे पैसे उशिरा पोचले. मी हिशेबनीस आहे. तिघांचे आकडे आणि तारखा तिथेच एका कागदावर मांडल्या. ज्यांच्या घरी पोलीस येणारच होते त्यांच्याकडे आले, ज्याला ठाण्यात जावंच लागणार होतं तो गेला. भाऊच्या मध्यस्थीने कुणाच्याही बाबतीत काहीच बदललं नव्हतं.

तोवर मला पैशांपेक्षा मोठी गोष्ट आठवली होती. मधल्या काळात त्याने माझ्याकडून कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली होती. “व्हाउचरबद्दल मालकांचा तोंडी आदेश होता, एवढं प्रतिज्ञापत्र करून ठेवू, तुमच्याच संरक्षणासाठी,” असं म्हणाला होता. तो कागद आता मालमत्तेच्या दाव्यात हजर झाला होता. त्यावर माझ्या नावाने भलतीच हकीकत लिहिलेली: मालकांचं आणि घरातल्या एका व्यक्तीचं माझ्यासमोर भांडण झालं, धमकी दिली गेली, मी कानाने ऐकलं. मी यातलं काहीही ऐकलेलं नाही.

असा कागद कुणाला का हवा असेल, हे मला माझ्या वकीलबाईंनी समजावलं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला किंवा खुनाला साहाय्य करणाऱ्याला मृताच्या मालमत्तेचा वारसा मिळत नाही. म्हणजे श्रीमंत घरातल्या खुनाच्या तपासात शिक्षा कुणाला होणार, एवढाच प्रश्न नसतो. कुणाचा वाटा बुडणार आणि कुणाचा वाढणार, हेही त्यात गुंतलेलं असतं. दोन्ही बाजूंना साक्षीदार लागतात, आणि घरात रोज येणारी-जाणारी नोकरमाणसं त्यांना सगळ्यात जवळची. माझा कागद कुणाच्या सांगण्यावरून तयार झाला हे मला सिद्ध करता येत नाही, म्हणून तसा आरोपही करत नाही. पण त्यावर नोटरीचा शिक्का होता आणि मी कोणत्याही नोटरीसमोर उभी राहिलेली नाही. वकीलबाईंनी आधी नोटरीची नोंदवही मागवायला लावली. तिथे माझी सही नाही. त्यावरच आमचं म्हणणं उभं आहे.

मी भाऊला भेटले. तो चिडला नाही, नाकारलंही नाही. शांतपणे म्हणाला, “ताई, पैसे साहेबांना द्यायला म्हणून दिलेत ना? मग लाच देणाऱ्या तुम्ही. तक्रार केलीत तर पहिल्या तुम्ही आत.” इतक्या वर्षांच्या मैत्रीचा हा शेवट माझ्या मनाला फार लागला. आईच्या आजारपणात रात्री जागणारा माणूस आणि समोर बसलेला हा माणूस एकच, हे अजूनही मला जुळवता येत नाही.

त्याची धमकी साफ खोटी नव्हती, म्हणूनच ती चालते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ मध्ये लाच देणाराही येतो. ज्याला द्यायला भाग पाडलं गेलं त्याने ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर त्याला संरक्षण आहे. माझे ७ दिवस कधीच उलटून गेले होते. पण त्याच कायद्यात कलम ७अ आहे, ते त्याने मला सांगितलं नाही. सरकारी नोकरावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्याला त्यात किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची शिक्षा आहे. पैसे कुणाला पोचलेच नसतील आणि नुसतीच थाप असेल, तर न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे. वकीलबाईंचा सल्ला एवढाच होता की काहीही न लपवता सगळं लेखी द्या, अर्धवट सांगाल तर अडकाल. आम्ही तिघांनी वेगवेगळे अर्ज दिले. बँकेतून काढलेली रक्कम, सोनाराची पावती, त्याचे मेसेज सगळं जोडलं आणि पोच घेतली. स्टॅम्प पेपरबद्दल खुनाच्या तपास अधिकाऱ्यालाही लेखी कळवलं. त्या साहेबांनी मला फक्त विचारलं, “तुम्हाला आरोपी कुणी केलं होतं? पहिल्या नोटिशीवर कलम वाचलं नाही का?” नोटीस माझ्या हातात कधी आलीच नव्हती. भाऊने ती परस्पर घेतली होती, “तुम्ही घाबराल” म्हणून.

ज्यांच्या मालकांच्या घरात असा तपास चालू असेल, त्यांनी आपल्या नावाची नोटीस दुसऱ्या कुणालाही घेऊ देऊ नये. कलम १७९ लिहिलेलं असेल, तर पोलिसांच्या लेखी तुम्ही त्या क्षणी माहितगार आहात, आरोपी नाही. तपास अधिकाऱ्याचं नाव आणि ठाण्याचा फोन त्यावर असतो, तिथे स्वतः फोन करा. वकील परवडत नाही म्हणून दलालाकडे जाऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१००. मला मिळालेल्या वकीलबाई तिथल्याच. पोलिसाच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, आणि तो पैसे देण्याच्या आधी लावायचा.

आमच्या ऑफिसातल्या आणखी काही जणांनी भाऊला पैसे दिलेत, हे मला माहीत आहे. ते बोलायला तयार नाहीत, आणि त्यांची भीती मला कळते. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर आमचे अर्ज दाखल झालेत, पोच माझ्याकडे आहे आणि ड्रायव्हरकाकांचा फोन नंबर तुमच्याकडे आहेच. कधी किती दिले, ते आठवतंय तोवर तारखेसह लिहून ठेवा, आणि कोऱ्या कागदावर सही केली असेल तर ते आधी कळवा. पैशांचं नंतर बघू, तो कागद कोर्टात पोचायच्या आत थांबवायला हवा.