नवी म्हणून गळ्यात मारलेली जुनी हार्ड डिस्क

सर्व्हरसाठी हार्ड डिस्क घेणार असाल, तर सीलबंद पाकिटावर आणि कोऱ्या स्टिकरवर विसंबू नका. वापरून झालेल्या डिस्कमधले वापराचे आकडे पुसून त्या नव्या म्हणून विकल्या जातात. आम्हाला तशाच विकल्या गेल्या.

मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो. सर्व्हरला रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा जोडीत, दोन नव्या डिस्क लावल्या आणि थोड्याच दिवसांत सर्व्हरच्या लॉगमध्ये रीड एरर, म्हणजे डेटा वाचताना होणाऱ्या चुका, दिसायला लागले. जीएसटीचं ३बी भरायच्या ऐन गडबडीत एक डिस्क रेडमधून बाहेर पडली. विक्रेता म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होत असणार. माल एकदम कोरा आहे." सर्व्हर यूपीएसवर चालतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बदली डिस्क दिली, तीही तशीच निघाली.

दोष केबलचा की डिस्कचा, हे आधी पक्कं केलं. दोन्ही डिस्कच्या जागा आपसात बदलल्या. केबल किंवा पोर्ट खराब असेल तर एरर जुन्याच जागी राहतात आणि स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ क्रमांकाचा सीआरसीचा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुकांचा, आकडा वाढतो. इथे तो शून्यावर होता आणि एरर डिस्कबरोबर सरकले. वाढत होते ते ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे, म्हणजे खराब झाल्याने बदललेले आणि बदलायच्या वाटेवरचे सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे छोटे कप्पे). डिस्कच खराब होती.

पण स्मार्टमध्ये वापराचे तास जेमतेम आमच्याकडचेच दिसत होते. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात, तसे हे तास शून्यावर आणता येतात. सीगेट कंपनीच्या डिस्कमध्ये मात्र फार्म नावाची वापराची वेगळी नोंद असते आणि स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमच्या ७.४ पासूनच्या आवृत्त्या ती वाचतात. ती उघडली, तर वीस हजारांहून जास्त तास! वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ ही डिस्क कुठेतरी अखंड फिरली होती. मग भिंगाखाली पाहिलं, तर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे आणि स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असाच गैरव्यवहार उघडकीस आला. तिथेही वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या होत्या आणि फार्मच्या नोंदींवरूनच ते कळलं. तरीही ही नोंद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, तीही बदलता येते. म्हणून सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी पाहा, आणि स्टिकरवरचा नंबर डिस्क स्वतः सांगते त्याच्याशी ताडून पाहा.

विक्रेत्याने हात वर केले: "ही डिस्क माझ्याकडचीच कशावरून?" बिलावर 'हार्ड डिस्क, २ नग' एवढंच लिहिलेलं, आणि या लोकांचा सगळा धंदा त्यावरच चालतो. बिलावर सिरियल नंबर आणि 'नवीन' हा शब्द लिहून घ्या, आणि पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा. धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही, स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरता असेल तरच बसतो. त्यामुळे कागद भक्कम हवा.

आता तो म्हणतो, डिस्क परत द्या, मग पैशांचं बघू. त्या डिस्कवर अशिलांचे पॅन आणि बँकेचे उतारे आहेत. खराब सेक्टरवरचं पूर्ण पुसलं जाईल याची खात्री नाही, आणि हा माणूस ती उद्या दुसऱ्याला नवी म्हणून विकेल. आम्ही डिस्क दिलेल्या नाहीत. फार्मच्या प्रिंटआउटसह त्या कुलपात ठेवल्या आहेत आणि विक्रेत्याला वकिलाची नोटीस पाठवली आहे.