गुड फ्रायडेच्या तारखेचा परवाना

आमचं घर पणजीत मळ्याला, मारुतीच्या देवळाच्या खालच्या अंगाला. आजेसासऱ्यांनी घेतलेलं. चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. रस्त्याकडच्या एका खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. उन्हाळ्यात दुपारी त्यांतून दुधासारखा उजेड येतो. अशा घरात राहण्याचं सुख आहेच, पण त्याची दुरुस्ती करायची म्हटलं की पोटात गोळा येतो. त्याच भीतीपायी गेल्या वर्षी आम्ही दोन लाख दहा हजार रुपये घालवले. पुढच्या उन्हाळ्यात ज्यांना घराला हात लावायचा आहे त्यांनी हे नीट वाचावं म्हणून सगळं लिहिते आहे. जे लिहायला लाज वाटते तेसुद्धा.

काम फार मोठं नव्हतं. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. संडास-बाथरूम मागच्या अंगणापलीकडे. डिसेंबरात रात्री उठून जाताना त्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं. त्यांच्या खोलीला लागून सहा बाय पाच फुटांचं बाथरूम काढायचं आणि त्याच वेळी मागच्या छपराचे वाळवी लागलेले वासे बदलायचे, एवढंच ठरलं. माझे यजमान जहाजावर असतात, त्यामुळे धावपळ माझ्याकडेच. शाळा सांभाळून.

सुतारमेस्ताच्या ओळखीतून एक माणूस आला. चाळिशीचा, कपडे नीटनेटके, काखेत तीन-चार फायली. कार्डावर ‘हेरिटेज कन्सल्टंट’. आमच्या रस्त्यावरची घरं त्याला तोंडपाठ होती. कुणाचं छप्पर कधी झालं, कुणाची बाल्कनी कशी अडली, सगळं सांगितलं. शिंपल्यांच्या खिडकीवरून त्याने हळूच हात फिरवला आणि म्हणाला, “टीचर, ही मात्र कुणाला काढू देऊ नका.” त्या एका वाक्याने माझा विश्वास बसला. घराची माया असलेला माणूस फसवणार नाही असं मला वाटलं.

मग त्याने घाबरवायला सुरुवात केली. “हा सगळा भाग युनेस्कोचा. खिळा मारलात तरी नोटीस. दिल्लीहून माणसं येतात.” हे साफ खोटं आहे, आणि पणजीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही ते खरं वाटतं, म्हणून इथेच सांगून टाकते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. आमच्या शेजारची जुनी वस्ती फोंतेन्हास आणि आमचा मळा त्या यादीत नाहीत. आपल्याला बंधन आहे ते आपल्याच राज्याच्या नियमांचं. हा संरक्षित विभाग आहे, इथल्या बांधकामाचा अर्ज संवर्धन समितीपुढे जातो. तो नियम मला मान्य आहे, तो हवाच. नाहीतर एव्हाना आमच्या गल्लीत काचेची हॉटेलं उभी राहिली असती. पण नियम नेमका काय आहे हे मला माहीत नव्हतं, आणि त्याने धंदा केला तो माझ्या त्या अज्ञानावर.

पैसे त्याने चार हप्त्यांत घेतले. आधी पंचवीस हजार, मोजणी आणि नकाशाचे. मग साठ हजार ‘हेरिटेज फी’. मग पंचेचाळीस हजार ‘डिपॉझिट’, काम झाल्यावर परत मिळणारं. यातले साठ हजार गूगल पेने गेले, एका बाईच्या नावाच्या खात्यावर. मी विचारलं तर म्हणाला, ऑफिसचं खातं बायकोच्या नावावर आहे. सरकारी शुल्क कुणाच्या बायकोच्या खात्यात जमा होत नाही, एवढं शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. मी पावती मागितली, त्याने दिली, शिक्का होता, मी ती डब्यात ठेवली.

चौथा हप्ता ऐंशी हजारांचा. मार्चअखेर तो आला, दार लोटून घेतलं, आवाज खाली केला. “फाइल कमिटीच्या बैठकीत घ्यायची तर थोडं द्यावं लागतं. नाहीतर पावसाळ्यानंतर.” त्याचा अर्थ मला कळला होता. मी दिले. रोख, पाकिटात घालून. आईंकडे बघितलं, मागच्या वाशांकडे बघितलं, आणि दिले.

या हप्त्यावर जरा थांबते, कारण सगळी मेख इथेच आहे. ते पैसे कुठल्याही अधिकाऱ्याकडे गेले नाहीत, जायचेही नव्हते. लाच म्हणून मागितल्यामुळे माझं तोंड मात्र बंद झालं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो हे मी पेपरात वाचलेलं होतं. पुढे फसवणूक उघडी पडल्यावर तब्बल सोळा दिवस मी पोलिसांकडे गेले नाही ती याच भीतीने. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. आधीचे तीन हप्ते पैशांसाठी होते, चौथा माझ्या गप्प बसण्याची सोय करण्यासाठी होता. वकिलांना भेटले तेव्हा ते म्हणाले, “बाई, जे झालं ते तसंच्या तसं तक्रारीत लिहा, काहीही लपवू नका.” मी लिहिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर सोळा दिवस घालवू नका, आधी वकील गाठा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परवाना घरी आला. जाड कागद, वर मुद्रा, खाली सही, गोल शिक्का, आमचा नकाशा जोडलेला, त्यावर आर्किटेक्टचा शिक्का. मी देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. मेस्ताला फोन केला. दोन दिवसांत मागची कौलं उतरली, ओळीने अंगणात रचली. मट्टीच्या लाकडाचे जुने वासे उघडे पडले तेव्हा कळलं, निम्मे आतून भुसा झाले होते.

चौथ्या दिवशी महापालिकेचा निरीक्षक आला. मी ताठ मानेने परवाना पुढे केला. त्याने तो वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “हा तुम्हाला कुणी दिला?” त्याच्या स्वरात दरारा नव्हता, कीव होती. काम तिथेच बंद. त्याने त्याचं कर्तव्य केलं, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

संध्याकाळी समोरच्या घरातल्या आजी आल्या. आमच्या घरची दिवाळी आणि त्यांच्याकडचं नाताळ चाळीस वर्षं एकच. त्यांनी चष्मा लावून तो कागद हातात घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं. १८ एप्रिल २०२५. “बाय, त्या दिसा गुड फ्रायडे आशिल्लो.” मी सुन्न झाले. त्या दिवशी अख्खं फोंतेन्हास शांत होतं, माझ्या शाळेला सुट्टी होती, सगळी सरकारी ऑफिसं बंद होती. परवान्यावर सही मात्र झाली होती.

मग मी तो कागद पहिल्यांदा खरा वाचला. पणजी शहरात प्रत्येक मिळकतीला पी. टी. शीटचा, म्हणजे सिटी सर्व्हेच्या नकाशाचा, नंबर आणि त्या शीटवरचा मिळकतीचा चलता नंबर असतो, आपल्या फॉर्म डीवर, म्हणजे मिळकतीच्या नोंदीच्या उताऱ्यावर, तो छापलेला असतो. परवान्यावर शीट आमची होती, चलता नंबर शेवटच्या आकड्याने वेगळा. मुद्रेच्या कडा फुटलेल्या, फोनवरून घेतलेला फोटो मोठा करून छापल्यावर फुटतात तशा. गोल शिक्क्यातली अक्षरं एका बाजूला जाड, एका बाजूला पुसट, आणि पावतीवरच्या शिक्क्यातही अगदी त्याच जागी पुसट. हाताने मारलेले दोन शिक्के असे एकसारखे उमटत नाहीत. आर्किटेक्टच्या शिक्क्यात ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. १९७२ च्या कायद्याप्रमाणे आर्किटेक्टची नोंद वास्तुकला परिषदेकडे असते आणि तिच्या संकेतस्थळावर कुणालाही क्रमांक घालून बघता येतं. भाचीने बघितलं. क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच राज्यातल्या एका आर्किटेक्टचा. हे सगळं तपासायला आम्हाला वीस मिनिटं लागली. पैसे देण्याआधी ही वीस मिनिटं मी काढली नव्हती.

त्याचा फोन त्या रात्रीपासून बंद.

आणि मग पाऊस. २०२५ चा पाऊस कुणाला आठवत नसेल? जूनची वाट बघणाऱ्यांना त्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यातच गाठलं. आमची मागची बाजू उघडी, वर निळी ताडपत्री, दोऱ्यांनी बांधलेली. वीस मेच्या सुमाराला रात्री दोरी तुटली. मी आणि भाची टॉर्च घेऊन शिडीवर, खाली आई पलंगावर बसून बादल्या कुठे ठेवायच्या ते सांगतायत. चुन्याचा गिलावा पाणी पिऊन फुगला आणि सकाळी हाताएवढे पोपडे जमिनीवर पडलेले. आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून काढून पदराने पुसला आणि उशाशी ठेवला. मला कुणी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

खरा रस्ता कसा आहे तो मी त्यानंतर शिकले. नगर आणि ग्राम नियोजन कायदा १९७४ चा. त्याच्या ४४ व्या कलमाखाली आपला अर्ज पीडीएकडे, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे करायचा. सोबत फॉर्म डी, मिळकतीची कागदपत्रं, नोंदणीकृत आर्किटेक्टने सही केलेला नकाशा. आपला भाग संरक्षित असल्यामुळे प्रस्ताव संवर्धन समितीपुढे जातो, आणि तिथून मंजुरी आल्यावर महापालिकेकडून बांधकाम परवाना. अर्ज देताना खिडकीवर इनवर्ड नंबर मिळतो. तो नंबर म्हणजे आपल्या फाइलचा श्वास. मधल्या माणसाने सांगितलेला नंबर खरा धरू नका. स्वतः खिडकीवर जा आणि विचारा, ही फाइल कुणाच्या नावावर आहे, कुठल्या टेबलावर आहे. ते ऑफिस पणजीतच आहे, आणि चार महिन्यांत मी एकदाही तिथे पाय ठेवला नव्हता.

का नव्हता, तेही सांगते. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, त्यात मुलगा-मुलगी सारखे, आणि लग्नानंतर जोडीदाराचाही हक्क. म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊबाई, नणंद आणि त्यांचे यजमान, सात सह्या. दीर मुंबईला, नणंद बेळगावला. भावोजींशी, म्हणजे दिरांशी, घराच्या वाटणीवरून थोडं वाकडं होतं, आणि सही मागायला गेलं की तो विषय निघणार. त्या माणसाने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “बाकीच्यांची एनओसी?” मी गप्प बसले. तो म्हणाला, “टेन्शन घेवं नाका, तें हांव पळयतां.” म्हणजे ते मी बघतो. एवढा हायसं वाटण्याचा क्षण त्या वर्षात दुसरा नव्हता. आज कळतं, त्याने मला परवाना विकलाच नाही, सात सह्यांपासूनची सुटका विकली. जो माणूस तुमच्या घरातला अवघड प्रश्न न विचारता बाजूला सारतो, त्याच्या हाती कागद देऊ नका.

तक्रार आता दाखल आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ आणि ३३६ कलमांखाली, फसवणूक आणि बनावट दस्तऐवज. तक्रारीला बळ मिळालं ते माहिती अधिकारामुळे. दहा रुपये भरून मी विचारलं, अमुक क्रमांकाची फाइल, अमुक तारखेचा परवाना तुमच्याकडे आहे का. लेखी उत्तर आलं, अशी फाइल नाही. पोलिसांनी सगळ्यांत आधी तोच कागद मागितला. पैसे परत आलेले नाहीत. गूगल पेचे साठ हजार निदान कागदावर दिसतात. रोख दिलेल्या दीड लाखाला माझ्या शब्दापलीकडे पुरावा नाही, कारण त्या पावत्याही बनावट. आमच्यासारखं अजून एक कुटुंब रायबंदरला निघालं. त्यांनी तक्रार केलेली नाही. त्यांनीही चौथा हप्ता दिला होता.

गणपतीला भावोजी आले तेव्हा मी सगळं त्यांच्यापुढे ठेवलं, ऐंशी हजारांसकट. ते बराच वेळ मागच्या खोलीत ताडपत्रीखाली उभे राहिले. मग म्हणाले, “वहिनी, मला आधी का नाही विचारलं?” सही त्यांनी त्याच दिवशी केली. नणंदेची आठवड्यात आली. यजमानांचं मुखत्यारपत्र जहाजावरून सुट्टीवर आल्यावर झालं. आर्किटेक्ट या वेळी मी क्रमांक तपासून, ऑफिसात जाऊन, केलेली कामं बघून ठरवला. त्याने पहिल्या दिवशी फॉर्म डी मागितला आणि विचारलं, हिस्सेदार किती.

अर्ज नोव्हेंबरात दिला. खिडकीवर मी स्वतः उभी होते. इनवर्ड नंबर वहीत लिहिला, घरी येऊन आईंच्या पलंगाशेजारच्या कॅलेंडरवरही. दर पंधरवड्याला शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊन येते. आई विचारतात, “कुठल्या टेबलावर आहे?” आणि मी त्यांना टेबल सांगते.