अभिजात की समतावादी उदारमतवाद? खान्देशातल्या तीन प्रश्नांवर घासून पाहा

उदारमतवादाच्या या दोन शाखा: अभिजातवाल्याला सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी, समतावाद्याला दुबळ्यालाही खरी संधी मिळावी म्हणून सरकारने हात घालायला हवा. दोघांच्याही लेखी व्यक्ती आधी. जात, गाव, भाऊबंदकी नंतर. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचं स्वागत केलं, ते दोघांनाही पटेल. वाद पुढचा आहे: या व्यक्तीचा गळा कोण आवळतं?

अभिजात उदारमतवादी म्हणतो, मुख्यतः सरकार. मात्र या बाजूचे दोन विचारवंत, हायेक आणि नोझिक, यांना एका पोत्यात घालू नका. निराधाराला सरकारने किमान आधार द्यावा, हे हायेकला मान्य होतं. त्यासाठीही सक्तीचा कर नको, असं नोझिकचं म्हणणं. समतावादी विचारवंत जॉन रॉल्सच्या १९७१ च्या मांडणीत मूलभूत स्वातंत्र्यांचा क्रम पहिला. विषमता चालेल, पण संधी खुली हवी आणि तळातल्या माणसाचं त्यातून भलं व्हायला हवं. त्याला सरसकट सरकारवादी समजणारे हा क्रम विसरतात.

आता कापूस. १९७२ च्या राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीत शेतकऱ्याला स्वतःचा माल खुल्या बाजारात विकायला बंदी होती. इथे अभिजात बाजू निर्विवाद बरोबर आहे. शरद जोशींची शेतकरी संघटना याच मुद्द्यावर लढली. सीसीआयची (केंद्र सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाची) हमीभाव खरेदी मात्र वेगळी, कारण तिथे सक्ती नाही. तिची अडचण व्यवहारातली: ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. दिवाळीला रोकड हवी असलेला माणूस ओला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालतो. पर्याय कागदावर होता, हातात नव्हता, असं समतावादी म्हणेल. अभिजात त्यावर गोदाम आणि तिथे ठेवलेल्या मालावर तारण कर्ज सुचवेल. हे उत्तर चांगलं आहे, पण गोदाम जवळ असेल तरच.

खरी कसोटी नंदुरबारची जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याआधी शासनाची मान्यता. अभिजात आक्षेप वजनदार आहे: सज्ञान माणसाच्या मालमत्तेवर पालक का बसवता? गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही पडतो. पण सावकाराच्या उधारीखाली उठवलेला अंगठा ही संमती मानायची का? अशी गेलेली जमीन परत देण्यासाठी १९७४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. या प्रश्नावर आमचा कल समतावाद्याकडे आहे. मात्र परवानगीची फाईल वर्षानुवर्षे पडून राहिली, तर तीही जुलूमच. निर्णयाला मुदत हवी आणि नकाराची कारणं लेखी हवीत.

यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात पाणी खोल गेलंय. एकाच्या ट्यूबवेलने शेजाऱ्याची विहीर आटते, म्हणजे उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचं इतरांना इजा न करण्याचं तत्त्व (१८५९) इथे थेट लागू होतं. २००९ चा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो. अभिजात पर्याय म्हणजे प्रत्येकाचा पाण्याचा हिस्सा ठरवून तो विकण्याची मुभा. त्यासाठी प्रत्येक पंपावर मीटर बसवावा लागेल, आणि त्याची नोंद घेणारी यंत्रणा पुन्हा कुणीतरी चालवायलाच लागेल.