बिलात सात रद्दे, भिंतीत सहा

बागेच्या उताराला इंटरलॉकिंग ब्लॉकची भिंत घालून घेणार असाल, तर आगाऊ रक्कम हातावर ठेवण्याआधी हे वाचा.

माझी भिंत 9 मीटर लांब, 90 सेंटीमीटर उंच. बिल 210 ब्लॉकचं: रद्द्याला, म्हणजे ब्लॉकच्या एका आडव्या थराला, 30, दिसणारे सहा रद्दे आणि मातीत गाडायचा एक. शिवाय पायाला आणि भिंतीमागे मिळून सव्वातीन घनमीटर खडी, मागे छिद्रांचा पाइप. 70 टक्के आगाऊ, 20 टक्के अर्ध्या कामावर. पहिल्याच मोठ्या पावसात मधल्या भागाने पोट काढलं. खणलं, तर गाडलेला रद्दा नाहीच! 30 ब्लॉक सरळ खिशात. पाया म्हणजे भुसभुशीत मातीवर बोटभर वाळू. मागे खडीऐवजी खणलेलीच माती लोटलेली, पाइपचा पत्ता नाही. पाणी तुंबून भिंत ढकलणार नाही तर काय!

डोकं फिरतं ते एका प्रसंगाने. ठेकेदाराचा माणूस ब्लॉकची मागची कड हातोडीने उडवत होता. या भिंतीत सिमेंट नसतं, खालच्या ब्लॉकमागे अडकणारी ती कडच सगळं धरून ठेवते. मी विचारलं. "साहेब, तळाच्या रद्द्याची काढावीच लागते, नाहीतर सपाट बसत नाही." हे खरंच आहे, कुणालाही विचारा. फक्त तो तेव्हा तिसऱ्या रद्द्यावर होता! निम्मं खरं बोलणाऱ्याला सामान्य माणसाने पकडायचं कसं?

ब्लॉक गाडीतून उतरतानाच मोजा. कड शाबूत असली की या प्रकारात प्रत्येक रद्दा थोडा मागे सरकतो, भिंत उताराकडे रेलते. माझी अगदी ओळंब्यात, येणारेजाणारे कौतुक करून गेले. तुमची अशी सरळ दिसली तर पैसे तिथेच रोखा. आणि उरलेले 10 टक्के मागायला ठेकेदार फिरकलाच नाही, तर त्याला सज्जन समजू नका.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. ब्लॉक बनवणारे म्हणाले, माल उत्तम आहे, बांधकामाचं आम्हाला सांगू नका. बांधकामाच्या कार्यालयात विचारलं, "पडली का?" नाही, फुगलीय. "मग पडल्यावर या." पडल्यावर म्हणजे कुणाच्या अंगावर, तेही सांगून टाका ना! ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्यांनी तर अर्जच परत केला: गाडलेल्या रद्द्याचा फोटो जोडा. नसलेल्या रद्द्याचा फोटो काढायचा कसा, विचारलं, तर म्हणे लेखी द्या.