पाचशे प्रॉम्प्टची पीडीएफ: त्यातली कामाची पानं किती?

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि पाठोपाठ तयार प्रॉम्प्टचे, म्हणजे चॅटबॉटला द्यायच्या लेखी सूचनांचे, पॅक आले. कामासाठी ५००, मार्केटिंगसाठी १०००, दिवसभराचं काम तासाभरात उरकणारे १००. कुठे पीडीएफ, कुठे नोशन या नोंदींच्या अॅपमधलं पान, कुठे नुसती एक्सेल शीट. काही विकत, काही फुकट. आतला माल इतका सारखा असतो की एकेका पॅकचं वेगळं परीक्षण करण्यात अर्थ नाही. हे परीक्षण त्या सगळ्या प्रकाराचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू: मोठ्या पॅकमधली मूठभर पानं ठेवण्यासारखी असतात. बाकीची नुसती भरती. ‘लिंक्डइनसाठी पोस्ट लिहा’, ‘फेसबुकसाठी पोस्ट लिहा’, ‘इन्स्टाग्रामसाठी पोस्ट लिहा’ असे तीन प्रॉम्प्ट मोजले की पाचशेचा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

या प्रॉम्प्टचा ठरलेला साचा असा: ‘तुम्ही २० वर्षांचा अनुभव असलेले जागतिक दर्जाचे ग्राहकसेवा व्यवस्थापक आहात. उशीर झालेल्या ऑर्डरबद्दल ग्राहकाला व्यावसायिक आणि सहानुभूतीपूर्ण ईमेल लिहा.’ वाचताना भारदस्त वाटतं. पण पहिल्या वाक्याने उत्तराचा सूर आणि शब्दसंपत्ती थोडी बदलते, एवढंच. वीस वर्षांच्या जागी चाळीस लिहिलं म्हणून मॉडेलला (चॅटबॉटमागच्या, मजकूर लिहिणाऱ्या प्रणालीला) तुमच्या ऑर्डरबद्दल काडीचीही जास्त माहिती मिळत नाही. दुसऱ्या वाक्यात कामाची माहिती शून्य. मग मॉडेल रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतं. दोनदा माफी, तारखेच्या जागी ‘लवकरात लवकर’, आणि शेवटी पुढच्या खरेदीवर सवलत, जी द्यायचं कोणी ठरवलेलंच नसतं. हा मॉडेलचा खट्याळपणा नाही. ज्या मजकुरावर ते शिकलं त्यात माफीच्या मागोमाग सवलत येते, म्हणून इथेही येते.

तोच ईमेल नीट मागायचा तर प्रॉम्प्ट असा होतो:

‘खाली ग्राहकाचा ईमेल आहे. त्याला पाठवायच्या उत्तराचा मसुदा हवा.
वस्तुस्थिती: ४० खुर्च्यांची ऑर्डर, १२ तारखेला पोचायची होती. २८ तयार आहेत, उद्या निघतील. उरलेल्या १२ खुर्च्यांना चुकीच्या रंगाचं कापड लागलं, त्या १९ तारखेला निघतील.
ग्राहक जुना आहे. आधीही एकदा उशीर झालाय, त्यामुळे चिडलेला आहे.
उद्देश: २८ खुर्च्या आधी घ्यायला त्याने होकार द्यावा.
मर्यादा: जास्तीत जास्त सात वाक्यं. माफी एकदाच, पहिल्या दोन वाक्यांत. सवलत किंवा भरपाईचा उल्लेख नको. इथे न दिलेली तारीख किंवा कारण घालू नकोस. काही कमी पडत असेल तर मसुद्याआधी विचार.
ग्राहकाचा ईमेल: …’

यात तज्ज्ञ नाही, जागतिक दर्जा नाही, तरी मसुदा जवळपास तसाच्या तसा पाठवता येतो. सगळ्यात जास्त काम ‘उद्देश’ ही ओळ करते. ती नसेल तर मॉडेल माफीनामा लिहितं. ती असली की ईमेल होकार मागण्याकडे वळतो. पॅकमध्ये नेमकी हीच ओळ जवळपास कधीच नसते, कारण पॅक लिहिणाऱ्याला तुमचा उद्देश ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही.

‘सात वाक्यं’ मुद्दाम लिहिलंय. मॉडेल मजकूर शब्दांत नव्हे, टोकन नावाच्या तुकड्यांत हाताळतं, त्यामुळे ‘बरोबर १२० शब्द’ म्हटलं तर कधी ९५ येतात, कधी १५०. वाक्यं, परिच्छेद किंवा मुद्दे मोजायला सांगितले की बरंच जवळ पोचतं.

‘नको’ असलेल्या ओळींबद्दलही थोडं. सवलतीसारखी ठोस गोष्ट नको म्हटली तर मॉडेल ऐकतं. पण ‘वायफळ लिहू नकोस’, ‘रोबोटसारखं वाटायला नको’ असल्या सूचना वाया जातात, कारण त्याऐवजी काय करायचं ते त्यात नाही. ‘पहिलं वाक्य थेट २८ खुर्च्यांपासून सुरू कर’ म्हटलं की पाल्हाळ आपोआप गळतो.

पॅकमधली दुसरी मोठी उणीव म्हणजे नमुने नसणं. २०२० मध्ये जीपीटी-३ हे चॅटजीपीटीच्या आधीचं मॉडेल आलं तेव्हाच हे पुरेसं दिसलं होतं की प्रॉम्प्टमध्ये दोन-चार उदाहरणं दिली की मॉडेल साचा उचलतं आणि लांबलचक सूचनांची गरज कमी होते. आपल्या सुरात लिहून हवं असेल तर आपलेच तीन जुने ईमेल पेस्ट करणं हे ‘मैत्रीपूर्ण पण व्यावसायिक सूर’ या विशेषणांपेक्षा कितीतरी उपयोगी. फक्त दोन सापळे आहेत. एक, नमुन्यातली नावं आणि तारखा नव्या मसुद्यात घुसतात. म्हणून वर लिहायचं, ‘हे नमुने फक्त सुरासाठी, यातली माहिती वापरू नकोस’. दुसरा, तिन्ही नमुने ‘नमस्कार, कालच्या फोननुसार’ असेच सुरू होत असतील तर चौथाही तसाच सुरू होणार, फोन झालेला असो वा नसो. नमुने एकमेकांपेक्षा वेगळे निवडा.

आता ‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ ही प्रसिद्ध ओळ. बहुतेक पॅकमध्ये ती मंत्रासारखी पानोपानी येते. २०२२ मध्ये ती खरंच कामाची होती. गणिताच्या आणि तर्काच्या प्रश्नांवर उत्तरं सुधारतात हे तेव्हाच्या संशोधनात दिसलं. पण २०२४च्या सप्टेंबरात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचं ओ-१ हे मॉडेल आलं आणि उत्तराआधी स्वतःच विचार करणारी मॉडेलं रुळली. त्यांना ही ओळ देणं म्हणजे पोहणाऱ्याला हातपाय मार सांगणं. त्यापेक्षा टप्पे कोणते ते सांगा: ‘आधी सगळ्या तारखा काढ, मग एकमेकींवर आदळणाऱ्या दाखव, त्यानंतरच वेळापत्रक मांड.’ याचा फायदा आजही होतो, कारण चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते डोळ्यांना दिसतं.

बैठकीच्या इतिवृत्ताचे प्रॉम्प्ट प्रत्येक पॅकमध्ये असतात आणि बहुतेक सारखेच फसतात. ‘या बैठकीचा सारांश आणि कृतीचे मुद्दे द्या’ म्हटलं की प्रत्येक कामापुढे नाव आणि मुदत येते, बैठकीत ती ठरली नसली तरी. तीन ओळी वाढवल्या की चित्र बदलतं. तक्ता मागा: निर्णय, जबाबदार माणूस, मुदत. लिहा, ‘जे बोलण्यात आलं नाही तिथे “ठरलं नाही” लिही.’ आणि चौथा रकाना मागा: ‘हा निर्णय ज्या वाक्यावरून काढलास ते वाक्य जसंच्या तसं.’ हा चौथा रकाना म्हणजे तपासणीची किल्ली. ते वाक्य मूळ मजकुरात शोधायचं. सापडलं नाही तर ती ओळ थाप आहे.

लांब मजकुरात आणखी एक अडचण. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग मॉडेल नीट वापरतं, मधला मात्र निसटतो. २०२३ मधल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं. नव्या मॉडेलांत सुधारणा झाली असली तरी काळजी घ्यायला काही लागत नाही: मजकूर वर, प्रश्न खाली, आणि दीड तासाची बैठक असेल तर तिचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाचा तक्ता वेगळा. देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो, म्हणजे मॉडेल एकावेळी जेवढा मजकूर घेऊ शकतं त्या मर्यादेला मराठी बैठकीचा मजकूर लवकर टेकतो.

मराठीचा विषय निघालाच आहे. मराठीत मिळणारे पॅक बहुधा इंग्रजी पॅकची भाषांतरं असतात आणि त्यांतून निघणारा मजकूरही तसाच. ‘मी आशा करतो की हा ईमेल तुम्हाला चांगल्या स्थितीत सापडेल’ हे वाक्य कुठल्याही माणसाने मराठीत आपणहून लिहिलेलं नाही. ‘सोप्या मराठीत लिही’ ही सूचना अपुरी पडते. तीन गोष्टी सांगाव्याच लागतात: समोरच्याला तू, तुम्ही की आपण, लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, नाहीतर ‘करतो’ आणि ‘करते’ एकाच पत्रात भेटतात, आणि कोणते इंग्रजी शब्द तसेच ठेवायचे. ‘डेडलाइन’, ‘इनव्हॉइस’, ‘मीटिंग’ ठेव म्हणून सांगितलं नाही, तर ‘बीजक’ आणि ‘अंतिम कालमर्यादा’ वाचायची तयारी ठेवा. याच्या जोडीला चांगल्या मराठीतला एक परिच्छेद नमुना म्हणून दिला की काम फत्ते.

वैयक्तिक नियोजनाची प्रकरणं पॅकमध्ये सगळ्यात कच्ची. ‘माझ्यासाठी आदर्श दिनक्रम तयार करा’ म्हटलं की पहाटे उठणं, ध्यान, व्यायाम, डायरी. अशा दिनक्रमाचा माणूस कुठे राहतो कोण जाणे. इथे मॉडेलकडून आदर्श मागू नका, निवड मागा. हातात असलेले तास, न हलणाऱ्या वेळा आणि प्रत्येक कामापुढे मिनिटांचा अंदाज लिहा. मग: ‘कामांमध्ये १५ मिनिटांची फट ठेव. सगळं बसत नसेल तर गच्च भरू नकोस, कोणती दोन कामं सोडायची ते कारणासह सांग.’ ही शेवटची ओळ नसेल तर मॉडेल तुमच्या हौसेला नाही म्हणत नाही आणि नऊ तासांचं काम सहा तासांत कोंबून देतं. मिनिटांची बेरीज स्वतः करून पाहा. नुसत्या मजकुरात आकडे जुळवताना मॉडेल चुकतं. कोड चालवून बेरीज करण्याची सोय असेल तर ती वापरायला सांगा.

काही पानं फाडून टाकण्याच्या लायकीची असतात. ‘पाच संशोधनांच्या संदर्भांसह लेख लिहा’ हे त्यातलं पहिलं. संदर्भ मागितले की मॉडेल संदर्भासारखं दिसणारं काहीतरी देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटबॉटने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. संदर्भ हवे असतील तर शोधाची सोय चालू करून दुवे मागा आणि प्रत्येक दुवा उघडा. दुसरं पान ‘तुमची पूर्ण ग्राहकयादी इथे पेस्ट करा’वालं. नावं, फोन, खाते क्रमांक काढून ‘ग्राहक-१’, ‘ग्राहक-२’ केलं तरी विश्लेषणाला काही फरक पडत नाही.

आता ठेवण्याजोग्या पानांकडे. ‘आधी मला प्रश्न विचार’ या धाटणीचे प्रॉम्प्ट चांगल्या पॅकमध्ये असतात आणि त्यांच्यासाठी पॅक चाळायला हरकत नाही. त्यांत मर्यादा मात्र स्वतः घालायची: ‘जास्तीत जास्त पाच प्रश्न, एकावेळी एक.’ नाहीतर वीस प्रश्नांची यादी येते आणि माणूस चौथ्यावर सोडून देतो. तसेच ‘या योजनेतली भगदाडं शोध’ प्रकारचे. यात ‘मला ही योजना आवडली आहे’ असं चुकूनही लिहू नका, मॉडेल लगेच री ओढतं. योजना दुसऱ्या कुणाची म्हणून द्या आणि ‘ही फसली तर कोणत्या तीन कारणांनी फसेल’ विचारा. मुलाखतीच्या सरावाचे प्रॉम्प्टही ठीक, जर जाहिरात आणि स्वतःचा बायोडेटा दोन्ही वर जोडले तर.

एक गोष्ट कुठलाच पॅक सांगत नाही: पहिलं उत्तर बिघडल्यावर काय करायचं. ‘पुन्हा चांगलं लिही’ म्हटलं तर शब्द बदलतात, दोष तसाच राहतो. ‘तिसऱ्या वाक्यातलं कारण काढ, तारीख पुढे आण’ असं बोट ठेवून सांगावं लागतं. दोन-तीन दुरुस्त्यांनंतरही गाडी रुळावर येत नसेल तर तो चॅट सोडून द्या. आधीचे फसलेले मसुदे त्याच चॅटमध्ये वर पडून असतात आणि मॉडेल ते पुन्हा पुन्हा वाचतं. दुरुस्त्या मूळ प्रॉम्प्टमध्ये घाला आणि नव्या चॅटमध्ये सुरू करा.

रोजच्या न बदलणाऱ्या गोष्टींसाठी पॅकऐवजी कायमच्या सूचनांची सोय वापरावी; चॅटजीपीटीत ती २०२३च्या जुलैपासून आहे, इतर मोठ्या चॅटबॉटमध्येही कुठल्या ना कुठल्या नावाने सापडते. तिथे पाच-सहा ओळी पुरेत. ‘थोडक्यात उत्तर दे’ आणि ‘प्रत्येक वेळी कारणं सविस्तर सांग’ अशा भांडणाऱ्या सूचना एकत्र पडल्या तर उत्तर कधी इकडे, कधी तिकडे. आणि ‘नेहमी तक्त्यात दे’ लिहून विसरलात तर महिन्याभराने सांत्वनाचं पत्रही तक्त्यात येईल.

पॅक घ्यायचाच असेल तर नमुन्याचं पान उघडून तीन गोष्टी बघा. प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये भरायच्या जागा किती? एकटी [विषय] ही जागा असेल तर पान बंद करा. प्रॉम्प्टखाली खरं उत्तर दाखवलंय का? आणि कोणत्या मॉडेलवर, कधी तपासलं ते लिहिलंय का? तिन्ही असलेला पॅक विरळा. नवशिक्याने फुकटचा एखादा घेऊन त्यातले चार-पाच आपल्या कामाच्या माहितीने भरून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत, प्रत्येकावर तारीख आणि खाली ज्या मजकुरावर तपासला तो मजकूर. मॉडेलची नवी आवृत्ती आली की तोच प्रॉम्प्ट त्याच मजकुरावर पुन्हा चालवायचा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघायची. कुठली ओळ आता नकोशी झाली ते तिथेच कळतं. बहुधा ती ‘जागतिक दर्जाचे तज्ज्ञ’वालीच निघते.