पातळ यूएसबी स्कॅनरवर जुने फौजी फोटो: काही महिन्यांच्या वापरानंतर

‘यंत्रात दोष आढळला नाही’ असा शेरा मारून सर्व्हिस सेंटरने स्कॅनर दुसऱ्यांदा परत पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो. यूएसबीवर चालणारा, सीआयएस सेन्सरचा (काचेच्या अगदी जवळून वाचणारा सेन्सर), 4800 डीपीआयचा, म्हणजे इंचाला 4800 ठिपके टिपणारा, पातळ स्कॅनर. बाकी तपशील सगळीकडे आहेत. मी तो एकाच कामासाठी घेतला. नात्यागोत्यातल्या जुन्या फोटोंमधल्या शिपायांचे बिल्ले वाचायचे, पलटण ठरवायची आणि जमलं तर साल.

हे सगळं काम मिलिमीटरमध्ये चालतं. ग्रुप फोटोत टोपीवरचा बिल्ला जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. 300 डीपीआयवर एका मिलिमीटरला 12 ठिपके मिळतात, 1200 वर 47. इतक्या कमी ठिपक्यांत मुकुट कुठला आणि सिंह कुठले ते कळत नाही, आणि साल ठरतं ते नेमकं त्यावरच. मुकुट असेल तर बिल्ला 1950 च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर 1950 नंतरचा. 4800 चा आकडा विसरा. माझ्याकडच्या कागदी प्रिंटमध्ये 1200 च्या पुढे फक्त फाइल फुगते.

सुट्या, सपाट फोटोंवर यंत्र उत्तम चालतं, हे मनापासून सांगतो. बिगुल दिसला की आपल्याकडे लगेच ‘मराठा पलटण’ म्हणून मोकळे होतात, पण बिगुल ही लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची, सर्वसाधारण खूण आहे. खांद्यावरची पितळी अक्षरं वाचल्याशिवाय काही ठरवू नये. तिथे 103, 105 किंवा 110 असा तीन आकडी क्रमांक निघाला, तर फोटोतला गणवेश 1903 ते 1922 या काळातला. लष्कराच्या 1922 च्या फेररचनेत या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या आणि ते क्रमांक संपले. एका पोस्टकार्ड-फोटोत मला असा क्रमांक स्वच्छ वाचता आला. त्या घरात तोवर सगळे तो शिपाई दुसऱ्या महायुद्धातला मानत होते. घरच्यांना फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता, इतका आनंद झाला होता.

आता दोष. जुने स्टुडिओ फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात आणि पुठ्ठा वर्षानुवर्षांत वाकतो. काचेवर पालथा ठेवला की कडा टेकतात आणि मधला भाग दोन-तीन मिलिमीटर वर राहतो. सीआयएस सेन्सरला काचेला चिकटलेलं तेवढंच नीट दिसतं. वर राहिलेला भाग धूसर येतो, आणि ग्रुप फोटोत बिल्लेवाले नेमके मध्ये बसलेले असतात! दाबून सपाट करायला जावं तर जुना फोटो तडकतो. ते मी करणार नाही.

ज्या फोटोवरून भांडण झालं तो महार रेजिमेंटचा आहे. ही रेजिमेंट 1941 मध्ये बेळगावात उभी राहिली. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ आणि ‘महार’ हे नाव होतं. 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा स्तंभावर एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. म्हणजे बिल्ल्याचा मधला एक मिलिमीटर दिसला की फोटोचा काळ हाती येतो. दहापट भिंगातून मला तिथे गनच्या मधोमध स्तंभ दिसतो. स्कॅनमध्ये त्या जागी राखाडी डाग. सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर, ‘तुमचा फोटोच अस्पष्ट आहे.’ भिंग घेऊन गेलो, दाखवलं. मग उत्तर बदललं: ‘हे यंत्र कागदपत्रांसाठी आहे.’ खोक्यावर मात्र कुटुंबाच्या फोटोचं चित्र छापलंय. फोटोसाठी नाही तर ते विकण्याआधी सांगा. मी पैसे मोजूनच खर्च करणारा माणूस आहे, आणि दुसरं यंत्र घ्यायला लावणारी ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

इथपर्यंत मजकूर तयार होता आणि दोन तारे ठरले होते. त्यानंतर पिवळट, उडत चाललेल्या फोटोंचा एक गठ्ठा आला. ते कृष्णधवल न करता रंगीत स्कॅन केले आणि फाइलच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन रंगथरांपैकी (चॅनेल) नुसतं निळं चॅनेल उघडलं, तर पार पुसट झालेल्या बाहीवर हवालदाराच्या तीन पट्ट्या उभ्या राहिल्या. कागदावर तपकिरी डाग असतील तर उलट, लाल चॅनेल बघायचं. तिथे ते फिके पडतात. यंत्राचे रंग इतके नेमके आहेत म्हणून हे जमलं. एक तारा वाढवतो.

दंडावर शिवलेल्या, डिव्हिजनची खूण दाखवणाऱ्या काही चौकोनी कापडांत मात्र काहीच दिसत नाही आणि त्याचा दोष स्कॅनरला देऊ नका. पाचव्या इंडियन डिव्हिजनची खूण होती काळ्यावर लाल गोळा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे फक्त निळ्या-हिरव्या उजेडाला दाद देणाऱ्या, फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लालही काळाच येई. अशा फोटोत नुसता काळा चौकोन उरतो.

सोबतच्या सॉफ्टवेअरमधलं ‘फोटो सुधारणा’ आणि ‘धूळ काढा’ पहिल्याच दिवशी बंद करा. धूळ काढताना ते खांद्यावरची चांदणी काढून टाकतं. सुधारणा तर त्याहून वाईट: माझ्या एका स्कॅनमध्ये तिने धूसर मुकुटाच्या जागी गुळगुळीत फूल रेखाटलं. कुणाच्या तरी आजोबांच्या टोपीवर असं काही काढून ठेवणं म्हणजे खोटा पुरावा तयार करणं आहे, आणि घरोघर तेच फोटो पुढे पाठवले जातात याची मला खरी काळजी वाटते.

वाकलेल्या पुठ्ठ्यांसाठी सध्या मोबाइल स्टँडवर लावून खिडकीच्या आडव्या उजेडात फोटो काढतो. बिल्ला ठीक येतो, खांद्यावरची अक्षरं कधी येतात कधी नाही. तुमच्याकडे सुटे फोटो असतील तर हाच स्कॅनर घ्या. पुठ्ठ्यावरचे असतील तर जाड, जुन्या धाटणीचा सीसीडी सेन्सरवाला बघा; त्याला काचेपासून थोडं वर राहिलेलंही स्पष्ट दिसतं. दुकानातच एक परीक्षा करा: पट्टीच्या खालच्या बाजूला नाणं चिकटवा, काचेच्या दोन बाजूंना पुठ्ठे ठेवून त्यांवर ती आडवी टाका, पुठ्ठे इतके जाड घ्या की नाण्याची खालची बाजू काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर राहील, आणि 1200 वर स्कॅन करा. नाण्यावरचं साल वाचता आलं तरच पैसे द्या.